ताट एकच, तवा वेगळा : रोजच्या अन्नात लपलेल्या ग्लुटेनविषयी

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत शिक्षण, शिस्त, परीक्षांचे निकाल आणि क्रीडास्पर्धा यांविषयी लिहिण्याची परंपरा आहे. संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही इतिहासाचा एखादा विषय घेणार, अशीच सर्वांची अपेक्षा असावी. परंतु गेल्या तीन वर्षांत आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराने आम्हा शिक्षकांना जे शिकवले, ते पालकांपर्यंत आणि इतर वसतिगृहांच्या अधीक्षकांपर्यंत पोहोचवणे आम्हाला अधिक निकडीचे वाटले. विषय आरोग्याचा आहे. परंतु त्यात इतिहास आहे, विज्ञान आहे, आणि ज्या समतेसाठी हे विद्यालय उभे राहिले तिची परीक्षाही आहे.

एका विद्यार्थिनीची हकिकत

तीन वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात एक विद्यार्थिनी दाखल झाली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. मुलगी हुशार, पण उंचीने चौथीतली वाटावी अशी. हातपाय काडीसारखे, पोट मात्र फुगलेले. तोंड वारंवार येई, जुलाब सुरू झाले की आठ-आठ दिवस थांबत नसत. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, जंतांची औषधे झाली, गावाकडे दृष्ट काढून झाली आणि एका देवऋषाने कोंबडेही घेतले. ‘अन्न अंगी लागत नाही’ एवढेच सर्वांना दिसत होते. का लागत नाही, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

वसतिगृहात आल्यावर तिची प्रकृती सुधारेल असे आम्हाला वाटले होते. घडले उलटेच. घरी ती बहुतेक ज्वारीची भाकरी खात होती. येथे दोन्ही वेळा गव्हाची चपाती मिळू लागली. ‘लेकराला दोन टाईम चपाती मिळते’ हे आमच्या पालकांना वसतिगृहाचे मोठे सुख वाटते, आणि त्यामागे कारणही आहे. आमच्या पिढीच्या लहानपणी वस्तीवर गव्हाची पोळी सणालाच दिसे. पोळी हे प्रतिष्ठेचे अन्न होते. त्या प्रतिष्ठेच्या अन्नानेच या मुलीचे आतडे आतून झिजत होते.

अखेर जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयातील एका तरुण डॉक्टर बाईंनी तिच्या आहाराची दिवसवार चौकशी केली. रक्ताची एक विशिष्ट तपासणी केली, नंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा घेऊन तपासला. निदान झाले : सिलिअॅक आजार. औषध एकच : गहू, जव आणि राय ही तीन धान्ये जन्मभर बंद.

ग्लुटेन म्हणजे काय?

गव्हाच्या पिठात पिष्टाबरोबर काही प्रथिने असतात. पीठ पाण्याने मळले की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंततात आणि चिवट जाळे तयार होते. या जाळ्याला ग्लुटेन म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच डिंक असा आहे. गव्हाची कणीक ताणली तरी तुटत नाही, पाव फुगून जाळीदार होतो, पोळी पातळ लाटता येते, हे सारे ग्लुटेनमुळे. ज्वारीच्या पिठात असे जाळे बनत नाही. म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळावे लागते आणि भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. विज्ञानाच्या तासाला एक सोपा प्रयोग करता येतो. कणकेचा गोळा पाण्याखाली धरून हळूहळू चोळत राहावे. पांढरे पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिकट गोळा उरतो. तेच ग्लुटेन. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात.

बहुसंख्य माणसांना ग्लुटेनचा काहीही त्रास होत नाही. ‘गहू हे विष आहे’ असा जो प्रचार अलीकडे ऐकू येतो त्याला आधार नाही, आणि निरोगी मुलाचा गहू बंद करण्याचे कारण नाही. सिलिअॅक आजारात मात्र शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लुटेनमुळे चेतवली जाते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या धाग्यांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नातील सत्त्व तेथूनच रक्तात शिरते. हे उंचवटे झिजून सपाट झाले की मूल कितीही जेवो, त्याच्या अंगी काही लागत नाही. लोह शोषले जात नाही म्हणून रक्त कमी, कॅल्शियम शोषले जात नाही म्हणून हाडे कच्ची. वाढ खुंटते, वयात येणे लांबते. काही रुग्णांना जुलाब होतच नाहीत. गोळ्या घेऊनही न वाढणारे रक्त हीच त्यांची एकमेव खूण असते.

हा आजार संसर्गजन्य नाही. अनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, म्हणून रुग्णाच्या आईवडिलांची व भावंडांची तपासणी करावी असा सल्ला दिला जातो. उत्तर भारतात केलेल्या पाहण्यांत साधारण शंभरात एका व्यक्तीला तो आढळला. दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी दिसते. एक सूचना पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. नुसत्या संशयावरून गहू बंद करू नये. आधी तपासणी करावी. गहू सोडल्यावर केलेल्या रक्ततपासणीत आजार दिसून येत नाही आणि निदान चुकते.

दुष्काळाने उलगडलेले कोडे

इतिहासाच्या अभ्यासकाला या आजाराच्या शोधाची कथा विशेष वाटेल. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाच्या ॲरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने अशा पोटाच्या रुग्णांचे वर्णन करून ठेवले होते. 1888 साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी लहान मुलांतील या आजाराचे स्पष्ट वर्णन केले आणि तो बरा झालाच तर आहाराने होईल, असा तर्क मांडला. परंतु कोणत्या आहाराने, हे कोडे पुढे साठ वर्षे सुटले नाही. 

ते सुटण्यास दुसऱ्या महायुद्धातील एक मानवनिर्मित दुष्काळ कारणीभूत झाला. 1944–45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा रोखला. लोक ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागले. हजारो माणसे भुकेने मेली. हेग शहरातील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना युद्धापूर्वीच गव्हाविषयी संशय आला होता. या उपासमारीत त्यांना विलक्षण गोष्ट दिसली. पाव दुर्मिळ झाला त्या काळात त्यांचे सिलिअॅकग्रस्त बालरुग्ण बिघडले नाहीत, उलट सुधारले. आणि मदतीचा पाव येताच पुन्हा आजारी पडले. पुढे पद्धतशीर प्रयोग करून 1950 साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गहू व राय यांसारखी धान्येच या आजारास कारणीभूत आहेत हे सिद्ध केले.

यातून घेण्यासारखा बोध असा की, ज्या मुलांची अवस्था पूर्वजन्मीचे पाप किंवा नशीब म्हणून सोडून देता आली असती, त्यांच्या ताटात काय आहे हे एका माणसाने बारकाईने पाहिले. तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश याच वृत्तीचा आहे : ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत देवऋषी ते डॉक्टर हे अंतर कापायला चार वर्षे लागली. ती वर्षे तिच्या उंचीतून वजा झाली.

सहा महिन्यांनंतरचा अहवाल

निदान झाल्यावर आम्ही तिची चपाती बंद करून भाकरी सुरू केली आणि काम झाले असे समजलो. त्यात एक गंमतीचा गोंधळही झाला. ‘राय बंद’ हे शब्द ऐकून आमच्या स्वयंपाकी मावशींनी महिनाभर तिच्या भाजीत मोहरी घातली नाही. राय हे युरोपातील एक धान्य आहे. त्याचा आपल्या राईशी, म्हणजे मोहरीशी, काही संबंध नाही. मोहरी पूर्णतः निर्धोक आहे.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. आकडे जेमतेम खाली आले होते; ग्लुटेन पोटात जातच होते. डॉक्टरांनी विचारले, ‘कुठून?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. अशा रुग्णाला दिवसाला पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन रोज मिळत राहिले तरी आतड्याची इजा चालू राहू शकते, असे त्यांनी सांगितले. पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम गव्हाचे पीठ. बोटांच्या चिमटीत मावेल एवढे. तेव्हा आम्ही वही घेऊन स्वयंपाकघरात आठवडाभर बसलो. जे सापडले ते क्रमाने देतो.

पहिली जागा, पिठाची गिरणी. आमची ज्वारी ज्या जात्यावर दळली जात होती, त्यावर आधी गहू दळला जात होता. पहिल्या दोन-तीन किलो पिठात गव्हाचे पीठ मिसळून येणारच. गिरणीत उडणारा भुसाराही तोच.

दुसरी जागा, तवा आणि परात. चपात्यांच्या तव्यावरच शेवटी तिची भाकरी भाजली जाई. कणीक मळलेल्या परातीतच भाकरीचे पीठ मळले जाई. लाटताना लावायची गव्हाची पिठी ओट्यावर सर्वत्र सांडलेली असे.

तिसरी जागा, हिंग. हे आम्हाला सर्वांत अनपेक्षित होते. शुद्ध हिंग उग्र असतो. बाजारात डबीतून मिळतो तो बहुधा बांधानी हिंग, म्हणजे हिंगाच्या राळेत डिंक आणि पीठ मिसळून सौम्य केलेला. हे पीठ अनेकदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. डबीवरील घटकांच्या यादीत ते स्पष्ट लिहिलेले असते, पण हिंगाची डबी वाचून कोण पाहतो? तो हिंग आमच्या वरणात होता, भाजीत होता, ताकात होता. बाजारच्या लोणच्यात आणि पापडातही होता.

चौथी जागा, मेतकूट आणि भाजणी. आजारी मुलाला मऊ भात आणि मेतकूट द्यावे ही आपली जुनी रीत. मेतकुटात डाळी व तांदळाबरोबर भाजलेला गहू घालण्याची पद्धत आहे. थालीपिठाच्या भाजणीतही अनेक घरी गहू असतो. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतोच.

पाचवी जागा सांगताना आम्हाला संकोच वाटतो, परंतु लेखाच्या प्रामाणिकपणासाठी ती सांगितली पाहिजे. मुलगी अशक्त म्हणून आमच्यापैकीच एका शिक्षिकेने स्वतःच्या पगारातून शक्तिवर्धक पेयाचा डबा आणला होता आणि रोज रात्री त्यातले दोन चमचे दुधात घालून तिला दिले जात होते. ते पेय माल्टचे होते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, आणि बाजारातील माल्ट बहुधा जवाचा असतो. आमची माया रोज तिच्या आतड्यावर घाव घालत होती. करुणेला प्रज्ञेची जोड नसेल तर काय होते, हे धम्मवर्गात आम्ही अनेकदा शिकवले होते. त्या रात्री प्रत्यक्ष पाहिले.

वेष्टन कसे वाचावे?

वेष्टनबंद पदार्थांवर घटकांची यादी देणे कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार गहू, राय, जव, ओट यांसारखी ग्लुटेनयुक्त धान्ये असल्यास ‘कंटेन्स’ या शब्दाने सुरू होणारी वेगळी सूचना द्यावी लागते. बहुतेक वेष्टने इंग्रजीत असतात, म्हणून पुढील शब्द पालकांनी ओळखीचे करून घ्यावेत : व्हीट, मैदा, आटा, सूजी, सेमोलिना, दलिया, बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, राय. यांपैकी एकही शब्द दिसला तर तो पदार्थ ठेवून द्यावा. ‘मे कंटेन व्हीट’ असे लिहिले असेल तर त्याच कारखान्यात गहू हाताळला जातो असा अर्थ, तोही टाळावा. ‘ग्लुटेन फ्री’ असे लिहिण्याची परवानगी एका किलोमध्ये वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच मिळते.

काही शब्द फसवे आहेत. ‘माल्ट’ नाचणीचाही असतो आणि तो चालतो; म्हणून कोणत्या धान्याचा, हे पाहावे. मक्याच्या कुरकुरीत पोह्यांत मका निर्धोक, परंतु चवीसाठी घातलेला माल्ट घातक. सोया सॉस सोयाबीनचा म्हणून घेतला जातो, पण तो आंबवताना त्यात बहुधा गहू वापरतात; हातगाडीवरचे मंच्युरियन आणि नूडल्स यांत तो असतोच, शिवाय मैदाही. खपली गहू मधुमेहींना दिला जातो म्हणून ‘वेगळा’ समजला जातो. तोही गहूच आहे. रवा, लापशी, शेवया, कुरडई ही सारी गव्हाचीच रूपे. कुरडईसाठी गव्हाचा चीक काढताना चोथा टाकला जातो, तरी चिकात ग्लुटेन उरते. ओटमध्ये मुळात गव्हासारखे ग्लुटेन नसते, पण बाजारातील साध्या ओटमध्ये गव्हाची भेसळ सर्रास होते.

सुटे पदार्थ अधिक धोक्याचे, कारण त्यांना वेष्टनच नसते. बेसनाची शेव चालेल असे वाटते, पण मिसळ फरसाणात मैद्याचे तुकडे असतात आणि तळणीचे तेल एकच असते. ज्या कढईत समोसे तळले, तिच्यात तळलेली भजी निर्धोक राहत नाहीत. सुटे बेसन कोणत्या गिरणीतून आले ते समजत नाही. हरभऱ्याची डाळ आणून दळून घेणे उत्तम.

औषधाच्या गोळ्यांना आकार देण्यासाठी स्टार्च वापरतात. तो बहुधा मक्याचा असतो, क्वचित गव्हाचा. म्हणून औषध घेताना डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला आजाराची कल्पना द्यावी. साबण, खोबरेल तेल, अंगाला लावायचे मलम यांची भीती बाळगू नये. ग्लुटेन कातडीतून आतड्यात जात नाही. ओठांना लावायच्या वस्तू मात्र पाहून घ्याव्यात. आणखी एक जागा आमच्या ध्यानात 14 एप्रिलच्या तयारीत आली. पताका चिकटवण्यासाठी मुले मैद्याची खळ करतात. खळीचे हात न धुता खाऊ खाल्ला तर तोच परिणाम. आता आम्ही पताकांसाठी डिंक वापरतो.

‘हितंबी येगळंच ताट का?’

या सर्व शोधानंतर आम्ही जो पहिला उपाय केला तो चुकीचा ठरला. घाईघाईने आम्ही तिचे ताट, वाटी आणि पेला वेगळे केले, त्यांवर लाल रंगाची खूण केली, आणि गव्हाचा स्पर्श नको म्हणून तिला भोजनगृहाच्या कोपऱ्यात स्वतंत्र बसवू लागलो. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही गैर नव्हते. परंतु मुलगी गप्प होत गेली. काही दिवसांनी कळले की ती मैत्रिणींकडून लपवून चपातीचा तुकडा घेते. भुकेपोटी नव्हे, त्यांच्याबरोबर बसायला मिळावे म्हणून.

एका रविवारी तिचे वडील भेटीस आले. जेवणाची वेळ होती. कोपऱ्यातील लाल खुणेचे ताट त्यांनी पाहिले आणि आमच्याकडे वळून एवढेच विचारले, ‘सर, हितंबी येगळंच ताट का?’

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाही लगेच देता आले नाही. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील भीमरावांना वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, हा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला, तो पाण्यासाठी नव्हे तर समान माणूसपणासाठी, असे आम्ही मुलांना समजावून सांगतो. वेगळे भांडे, वरून ओतलेले पाणी, दूर ठेवलेली भाकरी यांची आठवण आमच्या समाजाच्या हाडांत आहे. त्या बापाला आजार समजावून सांगता येईल; पण कोपऱ्यात बसलेली आपली मुलगी पाहताना त्याच्या मनात जे उठले ते वैद्यकीय स्पष्टीकरणाने विझणारे नव्हते.

त्या संध्याकाळी शिक्षक, अधीक्षक आणि स्वयंपाकी मावशी यांची बैठक झाली. प्रश्न असा होता : ग्लुटेन दूर ठेवायचे आहे, मुलीला दूर ठेवायचे नाही, हे कसे साधावे? उत्तर मावशींनीच दिले. त्या म्हणाल्या, ‘ताट घासलं की सुटतं, तवा सुटत नाही. तवा वेगळा करा, पोरीला कशाला वेगळं करता?’ शास्त्रही हेच सांगते. स्टीलचे गुळगुळीत ताट साबणाने नीट धुतले की त्यावर ग्लुटेन राहत नाही. राहते ते लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत, जुन्या तव्याच्या थरात, चाळणीच्या जाळीत आणि तळणीच्या तेलात. म्हणजे वेगळेपण जेथे आवश्यक होते तेथे आम्ही ते केले नव्हते, आणि जेथे अनावश्यक होते तेथे केले होते.

आज आमचे स्वयंपाकघर

आता पुढील व्यवस्था आहे. कोणत्याही वसतिगृहाला ती फारशा खर्चाशिवाय करता येईल.

1. भाकरीचा तवा, काठवट, उलथणे आणि चाळणी स्वतंत्र असून ती स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेली असतात. खूण भांड्यांवर आहे, मुलीवर नाही.

2. सकाळी आधी भाकरी, भात आणि भाजी होते; ती झाकून ठेवल्यावरच कणकेचा डबा उघडला जातो.

3. रात्री सर्वांनाच भाकरी असते. कधी ज्वारीची, कधी बाजरीची. त्यामुळे रात्रीच्या पंगतीत कोणीही वेगळे नसते.

4. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून दळायला जाते. गिरणीवाल्यांना कारण सांगितले. ते आठवड्यातून एक दिवस जाते साफ करून सर्वांत आधी आमचे दळण घेतात आणि पहिले थोडे पीठ वेगळे काढतात. ते पीठ इतर मुलांच्या भाकरीत जाते.

5. हिंग बंद केला. लसणाची फोडणी पुरते. ज्यांना हिंग हवाच असेल त्यांनी तांदळाच्या पिठातील हिंग वेष्टन वाचून घ्यावा.

6. वाढण्याचे डाव प्रत्येक पातेल्यात स्वतंत्र असतात. चपातीला लागलेला हात भाजीच्या पातेल्यात जात नाही.

7. सर्व विद्यार्थ्यांना हा आजार विज्ञानाच्या तासाला शिकवला. कणीक धुण्याचा प्रयोग त्यांनी स्वतः केला. त्यानंतर ‘तिला काय झालंय’ ही कुजबुज थांबली.

सण आणि कार्यक्रम हा अवघड भाग आहे. बुद्ध पौर्णिमेला खीरदान होते. सुजातेची खीर दूध-तांदळाची होती. आमचीही आता तीच असते. गव्हाची किंवा शेवयांची खीर आम्ही करत नाही. जयंतीला जिलेबीऐवजी बेसनाची बुंदी घरच्या तेलात काढतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीला जाताना वाटेत भोजनदानाचे मांडव असतात, तेथे पुरी-भाजी प्रेमाने दिली जाते. नाही म्हणणे जड जाते. म्हणून मुलगी सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू नेते. नकार कसा द्यावा हेही शिकवावे लागते : ‘मला आजार आहे, गहू चालत नाही’ हे वाक्य मान खाली न घालता म्हणता आले पाहिजे.

खर्चाविषयी दोन शब्द. शहरातील दुकानांत ‘ग्लुटेन फ्री’ बिस्किटे आणि पीठ महाग मिळते. ते पाहून गरीब पालक खचतात. त्यांना आम्ही सांगतो की ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, सर्व डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस आणि मासे यांत मुळातच ग्लुटेन नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. आमच्या आज्यांनी ती धान्ये आयुष्यभर खाल्ली. अडचण खरी आहे ती दुसरीच. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, पण आपल्याकडे त्यात बहुधा गहू आणि तांदूळच येतो. आणि बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आहे. रेशनवर ज्वारी-बाजरी नियमित मिळावी ही मागणी केवळ शेतकऱ्याच्या हिताची नाही, ती अशा मुलांच्या जगण्याचीही आहे. तोपर्यंत या मुलीच्या घरी रेशनचा तांदूळ तिच्यासाठी राखून ठेवतात आणि गहू इतर माणसे खातात.

समारोप

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि त्याच्याजवळ कोणी जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी त्याला स्वच्छ धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. नंतर संघाला बोलावून विचारले की, त्याची शुश्रूषा कोणी का करत नाही. आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा समजावी असा उपदेश केला. निवासी विद्यालय हाही एक संघच आहे. येथे मुलांचे आईवडील दूर असतात. ताटात काय पडते याची जबाबदारी आमची असते.

आमची विद्यार्थिनी आज नववीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिच्या रक्ताचा अहवाल जवळजवळ सामान्य आला. उंची वाढली आहे, रक्त वाढले आहे. गेल्या वर्षी ती कबड्डीच्या संघात होती. तिच्या धाकट्या भावाचीही तपासणी झाली आणि त्याला आजार नसल्याचे कळले. वसतिगृहात किराणा आला की प्रत्येक पुडा उलटा करून बारीक अक्षरे वाचण्याचे काम आता तिच्याकडे आहे. मागच्या महिन्यात तिने मसाल्याचा एक पुडा परत पाठवला; त्यातल्या हिंगात गव्हाचे पीठ होते आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

पालकांना आमची विनंती एवढीच आहे. आपल्या मुलाचे पोट सतत बिघडत असेल, वाढ थांबली असेल, गोळ्यांनी रक्त वाढत नसेल, तर दृष्ट काढण्यात वर्षे घालवू नका. सरकारी रुग्णालयात न्या आणि सिलिअॅकची तपासणी करता येईल का, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आजार निघालाच तर तवा वेगळा करा. मूल मात्र पंगतीतच बसू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!